सुतकात वाजलेलं गाणं

आमच्या स्टुडिओवाल्याला भविष्य सांगायची खोड होती. माणसांचं नाही, सॉफ्टवेअरचं. सांगलीत एका दाताच्या दवाखान्याच्या वर त्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत तो आणि त्याचा कॉम्प्युटर, दुसरीत काचेपलीकडे मी आणि माईक. खाली कुणाचा तरी दात कोरायला घेतला की तो आवाज भिंतीतून वर यायचा आणि मशीन थांबेपर्यंत रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागायचं. तेवढ्या वेळात हा चहा मागवायचा आणि पुढं काय काय होणार आहे ते आम्हाला ऐकवायचा.

मी जत्रेची गाणी गायची. आता प्रत्येक गावाला स्वतःचं गाणं लागतं. त्यात गावच्या देवाचं नाव, गावाचं नाव, यात्रा कमिटीतल्या झाडून सगळ्यांची नावं, आणि खाली छाती हादरवणारा ठोका. आज शिराळ्याच्या नागपंचमीचं, उद्या कुठल्या तरी सिद्धनाथाचं. देव बदलायचे, चाल बहुतेक तीच असायची. पण गळा माझा होता आणि लोकांना तो आवडायचा, एवढं सांगायला मला कुणाची लाज नाही.

त्याचं पहिलं भाकीत असं होतं की ढोलकीवाला जाणार. ढोलकीवाला तिथंच बसून तोच चहा पीत होता. तोही हसला. पुढच्या पावसाळ्यापासून त्याला कुणी बोलावलं नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये पन्नास तऱ्हेच्या ढोलक्या येऊन बसल्या. मग बेंजोवाला जाईल म्हणाला, तो गेला. मग माझ्या मागं धृपद ओढणाऱ्या दोघी जातील म्हणाला. त्यांतली एक माझी चांगली मैत्रीण होती. ती आता एका बेकरीत पाव भरते. पहिल्यांदा मला वाटलं बोलाफुलाला गाठ पडली असेल. पण ह्या माणसाचं तोंडच तसलं होतं.

माझ्याबद्दल मात्र तो ठाम होता. "ताई, सगळे जातील, पण मेन गायिका जाणार नाही. मराठीतला 'ळ' शिकायला मशीनला शंभर वर्षं लागतील," असं तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखं ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ती शंभर वर्षं दोन वर्षांत संपली. मग त्यानं भाकीत फिरवलं. आता म्हणे मला सांगलीच्या उन्हात यायचीही गरज पडणार नाही, मी घरी भाकरी थापायची आणि इकडं माझा आवाज गात राहील. मला ती थट्टा वाटली. एकदा तर म्हणाला, "लोक गेलेल्या माणसांचा आवाज मागायला माझ्या दारात रांग लावतील. तुम्हीसुद्धा याल, ताई." त्याच्या जिभेला काही हाड आहे का, असं मी त्याला तिथंच विचारलं होतं.

माझं माहेर वडूजच्या पुढं, माळावर. आम्ही मेंढरंवाले. आता मेंढरं थोडी आणि ज्वारी थोडी, अशी दोन्हीकडं पाय ठेवून माणसं जगतात. माझे वडील, आबा, बिरोबाच्या ओव्या म्हणायचे. कपाळाला भंडारा लावल्याशिवाय त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मीही पर्समध्ये भंडाऱ्याची डबी ठेवायची आणि माईकपुढं उभं राहण्याआधी चिमूटभर लावायची. माईकवर सांडू देऊ नका, एवढंच स्टुडिओवाला म्हणायचा.

ओवी म्हणजे गाणं नव्हे, देवाला हाक असते, असं आबा मानत. त्यामुळं भावकीत कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत ते ओठसुद्धा हलवायचे नाहीत. लहानपणी मी एकदा कारण विचारलं होतं. "सुतकात हाक मारली तर देव येत न्हाई, पोरी. दुसरंच कायतरी येतं," ते म्हणाले होते.

आमच्या जत्रेत पालखी उचलण्याआधी पहिली ओवी आमच्याच घरची. आजोबांनी म्हटली, मग आबांनी. माझा भाऊ शिरवळला कारखान्यात आहे आणि त्याचा गळा कावळ्याला बरा म्हणायला लावणारा. म्हणून घसा बसायला लागल्यावर आबांनी देवळापुढं भावकीला सांगून टाकलं, की माझ्यामागं पहिली ओवी लेक म्हणेल. दिल्या घरची लेक कशी काय म्हणणार, अशी थोडी कुरकुर झाली. पण दुसरं कुणी म्हणणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी मी मोबाईलवर आबांच्या चार ओव्या भरून घेतल्या, शब्द चुकू नयेत म्हणून. मला आयुष्यात कुणी काही मोठं दिलं असेल तर ती पहिली ओवी.

जत्रा तोंडावर आलेली असताना आबा गेले. त्या वर्षीचं आमच्या गावचं गाणं याच स्टुडिओत ठरलं होतं आणि मलाच गायचं होतं. मी स्टुडिओवाल्याला फोन करून सांगितलं, मला सुतक आहे, दहावा होईपर्यंत मी गाणार नाही. तो म्हणाला की लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस असतं ना. ते इतरांसाठी, मी म्हटलं, मी दहाव्यापर्यंत माझ्या बापाची आहे. "तुम्ही बिनघोर राहा, ताई," तो म्हणाला. आवाजात खरोखरची माया होती, हे आज आठवलं की जास्त राग येतो.

रक्षा सावडून मी मुलाच्या परीक्षेसाठी सांगलीला परत आले. पोळ्या लाटताना सवयीनं सूर ओठावर यायचा, तो मी गिळायची. गावात जत्रा झाली. गावची जत्रा कुणासाठी थांबत नाही, फक्त आमच्या भावकीनं देवळाची पायरी चढायची नव्हती. भावाचा फोन आला, पण तो तुटक बोलला. दुःखात असेल, असं मला वाटलं.

दहाव्याला पहाटेच्या गाडीनं विट्यावरून गावी पोहोचले. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. भावानं हात जोडून काय काय कबूल केलं, मेंढरांना काही कमी पडू देणार नाही म्हणाला, आईला सांभाळीन म्हणाला, तरी कावळे बाभळीवर बसून राहिले. तेव्हा माझ्या मागं चुलती हळूच, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "शिवंल कसा? लेकीनं सुतकात देव बोलावला."

मला काही उमगेना. शेवटी कावळा शिवला आणि माणसं घरी आली, तेव्हा चुलत्यानं सगळ्यांसमोर मला उभं केलं. चुलता म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, आणि आता भावकीत सगळ्यात थोरला. जत्रेचे दोन्ही दिवस ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर माझं गाणं वाजत होतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मी गायलेच नाही. भावानं मोबाईल पुढं केला.

ती मीच होते. वरच्या सुरावर जायच्या आधी मी जो छोटा श्वास घेते, तो होता. 'ळ' अगदी स्वच्छ होता. पहिल्या कडव्यात बिरोबा, दुसऱ्यात कमिटी, आणि तिसऱ्यात आबा. ओवी म्हणणारा आमचा वाघ देवाघरी गेला, अशा अर्थाची ओळ कमिटीच्या पोरांनी श्रद्धांजली म्हणून घालून घेतली होती, आणि मी ती ठोक्यावर, गुलाल उधळायच्या सुरात म्हणत होते. मला स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

जुनं गाणं कुठलं तरी वाजवलं असेल, असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. चुलत्यानं नेमकं तेच विचारलं. "थोरला गेल्याची ओळ हाय त्यात. ती काय थोरला जित्ता असताना म्हटलीस व्हय?"

मी तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. तो खुशीत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या गाण्यांवरून सॉफ्टवेअरनं आवाज तयार केला, मला त्रास नको म्हणून त्यानं मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि कमिटीला गाणं वेळेवर मिळालं, हे त्यानं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "ताई, 'ळ' ऐकला का?"

मला वाटलं, आता तरी सुटले. चुलता नाही-नाही अशी मान हलवत राहिला. ढोल मशीन वाजवते, हे त्यानं पाहिलं होतं, ते त्याला मान्य होतं. "पर मशीन आमच्या घरचा गळा कुठनं आणंल?" तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. माझाही तोच होता. मी आईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती म्हणाली, "लेकीचा गळा मला वळखू येत न्हाई व्हय?"

पहिली ओवी माझ्याकडून गेली. सुतकात तोंड बाटवलेलीनं देवाला हाक मारायची नाही, असं ठरलं. बाकी कुणी काही म्हणालं असतं तर मी भांडले असते, माझी जीभ काही लहान नाही. पण आईनंच ओळखलं म्हटल्यावर कुणाशी भांडायचं?

सांगलीला येऊन मी त्या स्टुडिओत गेले आणि मनात होतं ते सगळं बोलले. दवाखान्यातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. तो शांतपणे ऐकत होता. रेकॉर्डिंग त्याच्या माईकवर, त्याच्या डिस्कवर झालं होतं, मग आवाज कुणाचा, असं त्यानं उलट मलाच विचारलं. एवढंच नाही, तो आवाज त्यानं आमच्या कमिटीला देऊनही टाकला होता, म्हणजे दर वर्षी त्यांना हेलपाटा नको, मोबाईलवर शब्द टाकले की गाणं तयार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथं बीळही माझं आणि घाम गाळून उकरलेलंही मीच.

त्याच्या भविष्यात एक मोठं भोक होतं. सगळी गावं मोबाईलवर गाणी करायला लागली, तेव्हा याच्याकडं कोण येणार? वर्षाच्या आत त्याच्या दोन्ही खोल्या दाताच्या डॉक्टरनं घेतल्या. आता तो लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करतो, असं ऐकलं. मला आनंद झाला, पण तो दोन दिवसही पुरला नाही. मला तर कुणी गायला बोलवायचं कारणच उरलं नव्हतं. मी साड्यांना फॉल लावते.

पुढच्या जत्रेला मी जाणारच नव्हते. पण आईचे गुडघे धरले होते, म्हणून गेले आणि तिच्याजवळ राहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलगाडा शर्यत झाली आणि शेजारच्या गावची एक बैलजोडी पहिली आली. ती रात्र मी आईच्या अंथरुणाला लागून झोपले होते. सकाळी तिचा हात धरून देवळापुढं नेलं आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत दोघी बसलो. पालखीला खांदे लागले. पहिली ओवी कोण म्हणणार, ह्याची मला धास्ती होती. कुणीही म्हणालं तरी मला ते बघवणार नव्हतं.

कुणीच म्हटली नाही. कमिटीच्या एकानं मोबाईल दाबला आणि स्पीकरमधून मी पहिली ओवी म्हणाले. आबांची ओवी, माझ्या गळ्यातून. पालखी उचलली गेली, भंडारा उधळला, चुलत्यानं डोळे मिटून हात जोडले. मी बाटले होते, माझा आवाज मात्र सोवळा होता. ओवी संपली न संपली तोच मी काल जिंकलेल्या बैलजोडीचं कौतुक करायला लागले, त्यांच्या मालकाच्या नावासकट.

आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग स्पीकरकडं, मग पुन्हा माझ्या तोंडाकडं. बैल काल संध्याकाळी जिंकले होते, आणि तेव्हापासून मी तिच्या नजरेआड झाले नव्हते. तिला कळलं. तिचा चेहरा उतरला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वर्षभर मी ज्याची वाट पाहत होते, ते हेच होतं. आता ती उठेल, चुलत्याला हाक मारील, माझी लेक खरं बोलत होती म्हणून सगळ्यांना सांगील, असं मला वाटलं.

ती सरकून माझ्याजवळ आली. आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदर ओठांवर धरला.

"मग ह्यांचा बी आवाज काढंल का गं ती मशीन?"

तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मी फोन हातात घेतला की ती माझ्याकडं बघत राहते. आबांच्या चार ओव्या त्याच फोनमध्ये आहेत, आणि त्या मी अजून कुणालाही दिलेल्या नाहीत. स्टुडिओवाल्याचा नंबरही मी अजून पुसलेला नाही.