छत्तीसनंतर अडतीस

नूतन मोकल यांच्या घरी भातात कधी खडा लागला नाही, असं त्यांचे यजमान सुशील मोकल धाटावच्या कंपनीत शिफ्टला बसल्या बसल्या सगळ्यांना सांगत. सांगताना अभिमान किती आणि तक्रार किती, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. कारण नूतनताईंचं निवडणं तांदळापाशी थांबत नसे. कपाटातली घडी, फळीवरचे डबे, नवऱ्याच्या शर्टाची बटणं, सगळं जागच्या जागी. निडीच्या त्यांच्या घरात पाहुणा आला तर चप्पल काढतानाही दोनदा विचार करी.

हाच हात त्या बावीस वर्षं पेणच्या एका कॉलेजच्या कचेरीत चालवत होत्या. सकाळी निडीहून गाडी धरायची, पेणला उतरायचं, दहाला पाच कमी असताना खुर्चीवर. लागल्या तेव्हा बदली कारकून म्हणून तीन महिन्यांसाठी लागल्या होत्या. तीन महिने संपले, पण त्यांच्याशिवाय कुठलाच कागद कुणाला सापडेना, म्हणून राहिल्या. नंतर कायम झाल्या, वरिष्ठ झाल्या, आणि ‘मोकलताईंना विचारा’ हे त्या कॉलेजचं अर्धं कामकाज झालं.

त्यांचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे हजेरीची यादी. जूनमध्ये प्रवेश होत, जुलैत वर्ग भरत, आणि ऑगस्टात झेंडावंदन झालं की नूतनताई यादी ‘साफ’ करत. जी मुलं महिनाभर फिरकली नाहीत त्यांची नावं काढायची आणि सरांना नवी यादी छापून द्यायची. सरांचा वेळ वाचे. दहा-बारा नावं उगाच पुकारायची, कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही, मागची पोरं खिदळायची, हे सगळं टळे. सर खूश, नूतनताई खूश. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनीच काढलेली पद्धत.

वर्षाच्या शेवटी विद्यापीठाचा एक तक्ता यायचा. किती विद्यार्थी मध्येच सोडून गेले, आणि का? पुढे चौकटी होत्या : आर्थिक अडचण, लग्न, स्थलांतर, आजारपण, इतर. ज्या मुलींच्या लग्नाच्या पत्रिका आल्या त्या ‘लग्न’मध्ये जात. उरलेले सगळे ‘इतर’. दहा मिनिटांत तक्ता भरून होई. नूतनताईंचा तक्ता कधी परत आला नाही.

यंदा मात्र आला. विद्यापीठातून नव्हे, शेजारच्या खोलीतून. ज्युडिथ रोहेकर बाई नव्या प्राचार्य म्हणून आल्या होत्या. मूळच्या रोह्याकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांच्या आळीतली बाकीची घरं केव्हाच कुलूपबंद झाली होती, या मात्र इथेच शिकल्या, इथेच शिकवत राहिल्या. त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला आणि बोट ‘इतर’वर टेकवलं.

“मोकलताई, या नऊ जणांचं ‘इतर’ म्हणजे काय?”

“म्हणजे... इतरच, मॅडम. येईनाशी होतात मुलं. आता काय सांगायचं, हल्लीची पिढी.”

“आमचे अर्धे नातेवाईक इस्रायलला गेले,” बाई म्हणाल्या. “इथे सगळे म्हणतात, त्यांचा तो देश, म्हणून गेले. पण माझी मावशी गेली ती तिच्या सासूशी पटेना म्हणून. का गेला, हे गेलेल्याला विचारल्याशिवाय कळत नाही हो. या नऊ जणांना विचारून बघू या?”

‘बघू या’ म्हणजे ‘तुम्ही बघा’, हे बावीस वर्षांच्या नोकरीत नूतनताईंना पक्कं कळत होतं. त्या जरा रागातच जागेवर परतल्या. वरून जून महिना, प्रवेशाची गर्दी, आणि गेलेल्यांच्या मागे कुठे फिरा! फोन लावले, तर निम्मे बंद, निम्मे कुणी उचलेना. मग त्यांनी नऊ जणांचे पत्ते एका कागदावर उतरवले, आणि पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या. नऊपैकी सहा हमरापूर आणि त्याच्या आजूबाजूच्या गावांतले होते. यादी नेहमी नंबराने लावलेली, गावाने कधी लावलीच नव्हती, त्यामुळे हे आजवर दिसलं नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर त्यांनी रिक्षा केली आणि हमरापूर गाठलं.

गणपतीचे कारखाने ऐन भरात होते. अंगणात, पडवीत, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली पांढऱ्या मूर्ती ओळीने बसलेल्या. हैबतराव घरतांचा कारखाना विचारत विचारत त्या पोचल्या, तेव्हा दहा-बारा माणसं मान खाली घालून रंग लावत होती. कडेला खुर्चीवर सत्तरीचे हैबतराव बसले होते, पांढऱ्या मिशा आणि गुडघ्यावर रंगाचा फडका.

“या ताई, या. कॉलेजातनं? मालू गो, पाणी आण ताईंना!”

कागदावरची मालविका घरत ती हीच मालू, हैबतरावांची नात. एकोणीस वर्षांची, शिडशिडीत. ती डोळ्यांची आखणी करत होती. कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम ते. एक रेघ चुकली तर मूर्ती रागावल्यासारखी दिसते, म्हणून ते कुणाच्याही हाती देत नाहीत. मालूने हातातला डोळा पुरा केला, मगच उठून पाण्याचा तांब्या आणला.

नूतनताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी विचारलं, “मालू, कॉलेज का सोडलंस गो?”

“मी कुठं सोडलं?” मालू म्हणाली. “तुम्हीच काढलंत ना.”

“आम्ही? कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला हवं? मी आले होते. चवथीपर्यंत इथनं हलता येत नाय, पण गौरी-गणपती गेल्यावर सोमवारी आले. तिसऱ्या बाकावर बसले. सरांनी हजेरी घेतली. माझा नंबर सदतीस. सरांनी छत्तीस म्हटलं, मग अडतीस म्हटलं. मी तास संपेपर्यंत बसले. मग घरी आले.”

नूतनताईंच्या हातात तांब्या तसाच राहिला. “अगं, मग सरांना विचारायचं नाही का, माझं नाव का घेतलं नाही म्हणून?”

मालूने आज्याकडे बघितलं. हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

“आमच्यात इचारत नाय, ताई. अक्षय तृतीयेला मी हितं अंगणात उभा ऱ्हातो आन् रंगाऱ्यांची नावं घेतो. ज्याचं नाव घेतलं त्यानं ब्रश उचलायचा. ज्याचं घेतलं नाय तो चहा पितो आन् घरी जातो. का घेतलं नाय म्हणून इचारलं, तर माझ्या तोंडावर मला खोटा पाडल्यावानी व्हतं. माझ्या बापापास्नं हेच हाय. पोरगी तेच बघत वाढली. दुसरं काय करणार?”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा. नऊ नावांचं उत्तर नूतनताईंच्या स्वतःच्या टेबलावर, त्यांच्याच छापलेल्या यादीत होतं. खरं तर निसटायला वाट होती. ‘कॉम्प्युटरची चूक’ असं म्हटलं असतं तर या अंगणात कुणी उलट बोललं नसतं. कॉम्प्युटरला काय, तो सगळ्यांचं ऐकून घेतो. शब्द जिभेवर आलासुद्धा.

पण समोर पोरगी उभी होती, आणि नूतनताई काही झालं तरी नाकासमोर चालणारी बाई.

“मालू, सरांचा दोष नाही. तुझं नाव मी काढलं होतं. कॉलेजने नाही, विद्यापीठाने नाही, मी. येत नाहीस म्हणून यादी साफ करायला काढलं. प्रवेश तुझा होताच. नुसतं येऊन विचारलं असतंस तर मी हाताने लिहिलं असतं.”

मालूने पदर नसताना पदर सावरल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, “मी घरात सांगितलं की इंग्रजी जमत नव्हतं, म्हणून सोडलं. काढलं म्हणायची लाज वाटली. वर्षभर वाटत होतं, मी तिथली नव्हतेच.”

नूतनताईंना रडू आलं. चारचौघांत रडणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं, तरी आलं. त्यांनी ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसलं आणि म्हणाल्या, “परत ये. पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घे.”

“आन् चवथीपर्यंत? आज्याच्या कारखान्यात आखणी करणारी मी एकटी. जुलै-ऑगस्ट मी येऊ शकत नाय. परत छत्तीस नि अडतीसच होणार ना?” मालूच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता हिशेब सरळ होता. ती परत आपल्या पाटावर जाऊन बसली.

सोमवारी नूतनताईंनी रोहेकर बाईंना सगळं सांगितलं, आपल्या पराक्रमासकट. बाई रागावतील म्हणून त्या तयारीत होत्या. बाई रागावल्या नाहीत, उलट हसल्या. “इतक्या वर्षांत कुणी स्वतःचं नाव ‘इतर’मध्ये घातलेलं मी पहिल्यांदा बघतेय,” म्हणाल्या. मग दोघी बसल्या. यादी साफ करायची पद्धत त्याच दिवशी बंद झाली. हंगामातल्या मुलांची नावं यादीत राहतील, रोज पुकारली जातील. गणपतीनंतर त्यांच्यासाठी सकाळी सातला जादा तास, हजेरी त्यातून भरून काढायची. सातला कोण येणार शिकवायला, म्हणून एक-दोन सरांनी तोंडं वाकडी केली. बाई म्हणाल्या, मी येईन. मग सरांनाही यावंसं वाटू लागलं.

पुढच्या शनिवारी नूतनताई प्रवेशाचा अर्ज घेऊन पुन्हा हमरापूरला. या खेपेला रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागला नाही.

मालूने सगळं ऐकून घेतलं. अर्ज हातात घेतला, उलटापालटा केला. “रोज पुकारतील? मी नसले तरी?”

“रोज. मी दाराशी उभी राहून ऐकेन.”

तरी तिची सही काही होईना. शेवटी हैबतराव खुर्चीतून उठले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ताई, तुमचं सगळं बरोबर हाय. पण असं कागदावर सांगून आमच्यात चालत नाय. नाव काढलंत, तर नाव घ्या. हितं. सगळ्यांसमोर.”

आयुष्यात नूतनताईंनी हजेरी कधी घेतली नव्हती. यादी छापणं त्यांचं काम, पुकारणं सरांचं. त्या अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना अर्धवट रंगलेले गणपती, मधे माणसं. ब्रश थांबले. आवाज उगाच मोठा निघाला.

“सदतीस! मालविका घरत!”

मालूच्या पुढ्यात एका मूर्तीचा उजवा डोळा अर्धा झाला होता. तिने मान वर केली नाही. रेघ पुरी केली, ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला. तेवढ्या वेळात नूतनताईंना पेण ते निडी पायी जाऊन यावं इतकं लांब वाटलं. मग ती उठून उभी राहिली.

“हजर.”

हैबतरावांनी चहा सांगितला. कुणीतरी हसलं, कामं पुन्हा सुरू झाली. मालूने मांडीवर पाट घेऊन त्यावर अर्ज ठेवला आणि सही केली, रंगाचा एक ठसा कोपऱ्यात उमटला. एरवी असा डागाळलेला कागद नूतनताईंनी परत पाठवला असता. आज त्यांनी तो घडी न घालता पिशवीत ठेवला. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या निघणार इतक्यात मागच्या ओळीतून एक जण उठली. ती मूर्तींच्या शेल्याची सोनेरी किनार रंगवत होती. गळ्यात नवं मंगळसूत्र, हात कोपरापर्यंत सोनेरी. शेजारच्या घरची सून, अनिता. हिची पत्रिका नूतनताईंना चांगली आठवत होती. स्वतः जेवायला गेल्या नव्हत्या, पण पत्रिका आली त्याच दिवशी तिचं नाव यादीतून काढून तिला ‘लग्न’मध्ये धरलं होतं. तिच्याबद्दल ना बाईंनी विचारलं होतं, ना नूतनताईंना कधी शंका आली होती.

अनिताने एकदा हैबतरावांकडे बघितलं. मग या अंगणात जे कधी कुणी केलं नव्हतं ते तिने केलं, विचारलं.

“ताई, लग्नानंतर मी पण आले होते. एकदाच. माझं नाव घेता का?”

नूतनताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“नंबर सांग,” त्या म्हणाल्या.