पाकिटावरच्या काकी

‘आजीच्या हातची चव’ असं छापलेलं कुठलंही पाकीट दुकानात दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, अगं चकलीच आहे ती, घे की. मी घेत नाही. असली पाकिटं कशी तयार होतात ते मला ठाऊक आहे, कारण त्यातलं एक मी स्वतः तयार केलं आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही एव्हरशाईन सिटीत नवीनच राहायला आलो होतो आणि मला वसई पूर्वेलाच, एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात नोकरी लागली. लोणची, पापड, सुका मेवा पाकिटबंद करून विकणारी छोटी कंपनी. माझं पद मात्र दणदणीत, खरेदी आणि गुणवत्ता अधिकारी. म्हणजे माल आणायचा मी आणि तो चांगला आहे असं म्हणायचंही मीच. मालक माझ्याच वयाचे, शिकलेले, गोड बोलणारे. आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि ते आम्हाला फॅमिली म्हणायचे.

सुकेळी विकायची कल्पना माझी. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवली की सुकेळी होतात. वसईत ती घरोघर माहीत, मुंबईच्या दुकानांत मात्र मिळायची नाहीत. जवळच्याच निर्मळ गावात एक काकी ती करायच्या. साठीच्या पुढच्या, खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातून लग्न होऊन इथल्या वाडीत आलेल्या, बोलणं अजून माहेरचंच. मी स्कूटरवरून त्यांच्याकडे जायची. बांबूच्या मांडवावर केळी पसरलेली असत. दव पडायच्या आत काकी ती एकेक उचलून टोपलीत पानांखाली झाकायच्या, सकाळी पुन्हा पसरायच्या. मध्येच आभाळ आलं आणि केळी आंबली, तर ती अख्खी खेप गुरांपुढे जायची. मी एकदा म्हटलं, काकी, जराशीच आंबट आहेत, चालतील. त्या म्हणाल्या, “तुला चालतील. खानाऱ्याला काय सांगू?”

सरांना पाकिटावर काकींचा फोटो हवा होता. काकी तयार नव्हत्या. “लोक सुकेली खानार, माझा फोटो काय करनार?” मग सरांनी मला धाडलं. मी त्यांच्या ओटीवर बसून समजावलं, की तुमच्या हातचीच सुकेळी पाकिटात जाणार, तर ती कोणी केली ते लोकांना कळू दे.

“दुसऱ्या कोनाची नाय ना घालनार?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. माझ्या शब्दावर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून बसल्या. फोटोग्राफरने त्यांच्या हातात सूप दिलं. “सुपात सुकेली कोन ठेवतं?” काकी म्हणाल्या. सर म्हणाले, दिसायला छान वाटतं. तेव्हाच मी उठून जायला हवं होतं.

माल खपू लागला आणि पंचाईत झाली. मागणी वाढली म्हणून ऊन काही वाढत नाही. सरांनी विजेवरचा ड्रायर आणला. बाहेरगावची साधी केळी पाकात बुचकळून ड्रायरमध्ये काही तासांत वाळवायची. काकींकडून घ्यायचा माल आधी निम्मा झाला, मग बंद. पाकिटावर काकी होत्या तशाच हसत राहिल्या.

त्याच सुमारास सर कुठल्याशा हॉटेलात दोन दिवसांचं व्यवस्थापनाचं शिबिर करून आले. आल्याआल्या आम्हाला फळ्यासमोर बसवलं. मध्ये कंपनीचं मोठं वर्तुळ काढलं आणि भोवती छोटी वर्तुळं, ग्राहक, कामगार, पुरवठादार, समाज. “हे सगळे आपले स्टेकहोल्डर. कुठलाही निर्णय घेताना यातल्या प्रत्येकाचा विचार करायचा. याला एथिक्स म्हणतात.”

मी विचारलं, “सर, पाकिटावर जिचा फोटो आहे ती बाई यातल्या कुठल्या वर्तुळात? तिची सुकेळी तर आपण आता घेतच नाही.”

“मॅडम, इमोशनल होऊ नका. ते सिम्बॉलिक चित्र आहे. खाली नाव लिहिलंय का तिचं? आणि दिवाळीला आपण तिला साडी पाठवू ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने आंबलेलं केळं कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही, तिचं तोंड फुकट वापरायचं आणि वर साडी नेसवायची. पण हे सगळं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं ते इतकंच, की निदान नवीन पाकिटं छापताना बघू या. सरांनी मान डोलावली आणि फळा पुसला. काकींना मी काही कळवलं नाही. लाज वाटायची, म्हणून निर्मळला जाणंच सोडलं.

कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. काकी तिथे वर्षानुवर्षं एकाच जागी टोपली घेऊन बसायच्या. त्यांच्या आधी त्या जागी सासू बसायची. त्यांच्याकडचीच सुकेळी हवी म्हणून लोक विरार-नालासोपाऱ्याहून यायचे. त्या वर्षी सरांनी जत्रेत स्टॉल घेतला आणि कंपनीची टोपी घालून मी तिथे उभी. काकी वीस पावलांवर.

अकराच्या सुमारास एक माणूस आमचं पाकीट घेऊन आला. पावसाळ्यात भरलेला माल, आत हिरवी बुरशी. तो स्टॉलकडे वळलाच नाही. सरळ काकींपुढे उभा राहिला, पाकिटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. “तुम्हीच ना ह्या? पोराला उलट्या झाल्या हे खाऊन.” माणसं जमली. दोन बायका हातात घेतलेली सुकेळी परत टोपलीत ठेवून निघून गेल्या.

काकींनी पाकीट उलटंसुलटं केलं, आतलं केळं बोटाने दाबून बघितलं. मग मला हाक मारली. “इकडं ये. सांग यांना, हे माझं नाय म्हनून.”

सगळे माझ्याकडे वळले. एक शब्द पुरला असता. सर माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, “तक्रार असेल तर आमच्याकडे फॉर्म आहे. भरून द्या, आम्ही चौकशी करू.”

हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं, आपसूक आलं. सरांच्या साडीपेक्षाही त्याची चीड मला जास्त येते.

काकींनी मला पुन्हा विचारलं नाही. ते बुरसटलेलं पाकीट त्यांनी ठेवून घेतलं आणि सुक्या पानात बांधलेली आपली सुकेळी त्या माणसाच्या हातात दिली. तो गडबडला. “पण हे तुमचं नाही म्हणता ना?”

“करनारी मी नाय. पन तोंड माझं हाय ना त्याच्यावर. मंग बदलून मीच द्यायला पायजे.”

बातमी जत्रेत पसरली. जवळपासचे लोक घरी जाऊन पाकिटं घेऊन येऊ लागले, त्यातली काही तर चांगलीही होती. काकी प्रत्येकाला बदलून देत होत्या, एकालाही त्यांनी आमच्याकडे पाठवलं नाही. तीन वाजायच्या आत त्यांची टोपली रिकामी झाली. तोवर मी स्टॉलवर दोन फॉर्म नावापत्त्यासकट, स्वच्छ अक्षरात भरून घेतले होते.