ऑलिम्पिक दीन आणि परबकाका

सोसायटीत चार माणसं काही चांगलं करायला जमली की काम राहतं बाजूला आणि किस्से होतात ढीगभर. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दर २३ जूनला ऑलिम्पिक दिन असतो. खूळ सेक्रेटरी नेनेंचं, राबायचं मी.

यंदा मात्र माझाही एक हट्ट होता. परबकाकांना खुर्चीतून उठवायचं. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चाला, पण काका पडायच्या भीतीने उभेच राहीनात. "असेच बसले तर कायमचे बसतील गं," म्हणत काकू माझ्यापाशी रडल्या होत्या.

*

आदल्या दिवशी बॅनर आला. ठळक अक्षरांत 'ऑलिम्पिक दीन'.

मी बॅनरवाल्याला फोन लावला. "अरे, दिन ऱ्हस्व. दीन म्हणजे बिचारा, गरीब."

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपली मेडल्स बघून मला वाटलं मुद्दामच लिहिलंय."

*

दुसऱ्या दिवशी नेनेंचं भाषण. "१८९४ साली याच दिवशी पॅरिसमध्ये ऑलिम्पिकची आंतरराष्ट्रीय कमिटी स्थापन झाली. त्याची आठवण म्हणून हा दिवस."

तिसऱ्या मजल्यावरची दीप्ती मागून म्हणाली, "म्हणजे कमिटीचा वाढदिवस? मग आपल्या कमिटीचा पण करूया ना."

"करू. आधी लिफ्ट तर चालू होऊ दे," नेनेच म्हणाले. माणूस तसा प्रामाणिक आहे.

*

पुढे ते उद्देशावर आले. हा दिवस मेडलवाल्यांचा नाही, म्हणाले. म्हातारे, पोरं, आजारी, सगळ्यांनी खेळावं, निदान हलावं. जिंकण्याला काडीची किंमत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

लगेच लिंबू-चमचा झाला. नेने दुसरे आले आणि दीप्तीने लिंबाला हात लावला म्हणून तिच्याशी कचाकचा भांडले.

*

काकांना मुलाने कसंबसं खाली आणून खुर्चीत बसवलं होतं. मी हात पुढे केला. "काका, नुसते उभे राहा ना. मी धरते."

"माका नको. तुमी खेळा," म्हणाले आणि मान फिरवली. मला इतकं वाईट वाटलं की मी सरळ सरबत वाटायला निघून गेले.

कंपाउंडमध्ये पोरांचा खो-खो सुरू झाला. काका एकेकाळी गावच्या टीममधून खो-खो खेळलेले, पण आता बघत होते नुसते. काकूही थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, काकांच्या मागे गेल्या, "खो!" म्हणून ओरडल्या आणि पाठीवर थाप मारली.

काका ताडकन उभे राहिले. कुणालाही न धरता तसेच मागे वळले आणि काकूंवर खेकसले, "आदी हात लावूक व्हयो, मगे खो. ह्यो फाऊल झालो."