वेगळा कप

आजीच्या घशात कॅन्सर निघाला आणि काकूने तिचा कप वेगळा केला. कॅन्सर काय उष्ट्याने लागतो? पण काकूच्या डोक्यात कुणीतरी तसं भरवलं होतं.

खिडकीत ठेवलेला तो कानतुटका कप पाहून आजी पेटली. पूर्वी चौक गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या जातीसाठी असाच कप ठेवलेला असायचा. बौद्ध झाल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता.

"हाटेलवाल्याचं सोसलं नाय, आता माज्याच घरात सोसू काय गं?"

आवाज बसला होता, तरी शेजारी बाहेर आले. तिने तो कप अंगणात आपटला. मग काकूचा कप उचलून अर्धा चहा दुखऱ्या घशाने सावकाश गिळला आणि उरलेला काकूपुढे सरकवला.

"पी."

काकू प्यायली.