आमच्या नातवाचं आयरिश नाव

आमच्या नातवाचं नाव आयरिश आहे, आणि ते सुनेच्या हट्टामुळे ठेवलं गेलं, असं कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. सून आयर्लंडची, तेव्हा दुसरं काय असणार? ‘गोऱ्या सुनेपुढे हिचं काही चाललं नाही’ हे वाक्य फिरत फिरत माझ्या कानावर आलं. एक-दोघींना मी खरं काय ते सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटेना, म्हणून मीही नाद सोडला. सून बिचारी मराठी नाव ठेवायला निघाली होती. आयरिश नावासाठी हटून बसले ती मी.

आम्हाला दोन मुलगे. थोरला कुवेतमध्येच गेला, नव्वदच्या दशकात, नऊ वर्षांचा असताना. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आम्ही विमानाने गावी नेलं, म्हणजे आम्ही वर खुर्च्यांवर बसलो होतो आणि तो खाली सामानात होता. हे आठवलं की मला अजून रडू येण्याआधी राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. ह्यांची रजा संपली तसे परत आलो. नोकरी, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, धाकट्याची शाळा, सगळं इथेच होतं. रुमैथियातला फ्लॅटही तोच. फक्त घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ‘तो होता तेव्हा’, ‘त्याची सायकल’, एवढ्यावर आमचं भागायला लागलं. धाकटा काही दिवस ‘दादा’ म्हणायचा, पुढे तोही म्हणेनासा झाला. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

धाकटा भारतात शिकून पुन्हा कुवेतलाच नोकरीला लागला आणि इथल्या एका शाळेत शिकवणाऱ्या आयरिश मुलीशी त्याने लग्न केलं. मी थोडी आदळआपट केली. सासू व्हायचं म्हणजे तेवढी करावीच लागते. पण पोरगी गुणाची निघाली. मला ‘आई’ म्हणायची, ह्यांना ‘बाबा’ म्हणायची, आणि आपला नवरा इंग्रजीत उत्तरं द्यायचा तेव्हा ‘मराठीत बोल ना’ असं त्याला मराठीत सांगायची. घरात आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर थोरल्याचा फोटो बघायला मागितला. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवलेला होता.

तिला सातवा महिना लागला तेव्हा धाकट्याने दोन दिवसांसाठी खैरानला एक शाले घेतलं. समुद्रालगतच्या सुट्टीच्या बैठ्या घरांना इथे शाले म्हणतात. थंडीचे दिवस होते, वारा बोचरा होता, तरी आम्ही चौघं शाली गुंडाळून बाहेर चहा घेत बसलो होतो. सुनेने कप खाली ठेवला आणि सांगितलं की मुलगा आहे, आणि त्याला दादाचं नाव द्यायचं असं दोघांनी ठरवलं आहे. ‘दादा’ हा शब्द तिने मराठीतच उच्चारला. मग तिने आपल्या काकाची हकीकत सांगितली. तरुणपणीच मासेमारीला गेलेला तो परत आलाच नाही. पुढे तिचा भाऊ जन्मला तेव्हा त्याला ते नाव दिलं, आणि तिची आजी मरेपर्यंत ते नाव दिवसातून शंभर वेळा घ्यायची. त्यांच्या गावात याहून मोठा मान नाही, म्हणे.

ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. ‘फार चांगलं केलंत,’ म्हणाले आणि समुद्राकडे तोंड करून बसले. मी कप गोळा केले आणि धुवायला आत गेले.

परतताना गाडीत मी विषय काढला. अकाली गेलेल्याचं नाव घरात पुन्हा ठेवत नाहीत, म्हटलं. आजोबाचं ठेवतात, पणजोबाचं ठेवतात, पण ज्यांनी आयुष्य भोगलं त्यांचंच. जो नऊ वर्षांतच गेला त्याचं नाव दुसऱ्या लेकराच्या गळ्यात बांधायचं नसतं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मी हे असलं कधीपासून मानायला लागले ते विचारलं. त्यांचं बरोबर होतं. चातुर्मासात कांदा खाणारी, शनिवारी नखं कापणारी बाई मी. त्याने मी आणखीच चिडले. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

पण ह्यांच्यात फरक पडला. दाढी करताना शीळ घालायला लागले. शुक्रवारच्या बाजारातून एक लाकडी घोडा घेऊन आले आणि त्याच्यावरची धूळ पुसत बसले. हा माणूस पुन्हा असा दिसेल याची आशा मी कधीच सोडून दिली होती. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटायची. एकदा जेवताना मी पुन्हा अपशकुनाचं काढलं, तेव्हा ह्यांचा हात ताटातच थांबला.

‘इतकी वर्षं ते नाव माझ्या घशात अडकलंय,’ हे म्हणाले. ‘आता हक्काचं पोर येतंय. मला एकदा मोठ्याने हाक मारायचीय. त्यात काय वाईट आहे, सांग.’

ह्यांनी अर्धं ताट तसंच टाकलं आणि हात धुतला.

चार दिवसांनी ह्यांना न सांगता टॅक्सी करून मी एगैलाला मुला-सुनेच्या घरी गेले. मुलगा कामावर होता. तिने चहा टाकला. मी आधी तेच शकुन-अपशकुनाचं सांगितलं, दुकानात भागेल एवढ्याच माझ्या इंग्रजीत, अडलं तिथे मराठी घालून. तिने शांतपणे ऐकलं. तिच्या आजीकडेही असल्या गोष्टींचा साठा होता, ती म्हणाली, तुम्हाला भीती वाटत असेल तर आपण पूजा करू, चर्चमध्ये मेणबत्ती लावू, दोन्ही करू. इतकी समजूतदार होती की मला खोटं बोलणं जड गेलं. मग जे ह्यांना सांगता आलं नव्हतं ते तिच्यासमोर बाहेर पडलं.

‘उद्या तो पलीकडच्या खोलीत खेळत असेल,’ मी म्हणाले. ‘मी ते नाव घेऊन हाक मारीन आणि तो ओ देईल. दुसऱ्याच मुलाच्या तोंडून ओ येईल. ती मला नाही ऐकवणार. त्याच्या नावाला त्यानेच ओ द्यायची, नाहीतर कुणीच नाही.’

तिने पोटावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं.

‘मग ते त्याचंच राहू दे, आई,’ ती म्हणाली.

दुसरं कुठलं मराठी नाव सुचवा, असंही म्हणाली. मला तेही नको होतं. कुठलंही नाव घ्या, ते त्याच्या वर्गातल्या कुणाचं तरी असणार, नाहीतर गावच्या एखाद्या चुलतभावाचं, जो त्याच्याबरोबर खेळला आणि आता मिशीवाला बाप्या झालाय. मला असं नाव हवं होतं ज्यात आमचं जुनं काहीच नाही. ‘तुमच्यातलं ठेव,’ मी तिला म्हटलं.

तेव्हा ती एकेक आयरिश नाव सांगत गेली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हाक मारून बघू लागले. नावाचं सगळं हाकेत कळतं. शेमस काही दाराबाहेर पडेना. डेक्लन म्हणजे कुणा साहेबाला बोलावल्यासारखं वाटलं. फिन इतकं आखूड की तोंड उघडेपर्यंत संपायचं. आम्ही दोघी हसलोसुद्धा. एक नाव फार सुरेख होतं, पण त्याची सुरुवात थेट थोरल्याच्या नावासारखी होती. ते अर्ध्यावर आलं आणि मी तिथेच थांबले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच पुढचं नाव घेतलं. शेवटी जे ठरलं ते तिच्या आजोळच्या कुणा कोळ्याचं, दोन अक्षरी, दूरवर जाणारं. नातू आता मोठा झालाय, त्याचं नाव तो आपणच सांगेल.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, तिला सांगितलं होतं तसंच. हे भांडले असते तर बरं झालं असतं. ‘बरं,’ म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. दाढीच्या वेळची शीळ दुसऱ्या दिवसापासून थांबली. लाकडी घोडा ह्यांनी कागदात गुंडाळून मुलाकडे पोचवला.

बारसं एगैलालाच केलं. सुनेला नणंद नाही, तेव्हा मुलाच्या मित्राची बायको आत्या झाली. तिने बाळाच्या कानात ते आयरिश नाव ‘कुर्रर्र’ करून सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पाळणा म्हणताना त्या नावापाशी सगळ्या अडखळल्या, हसल्या, माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. ह्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि नाव अगदी बरोबर घेतलं, दोन-तीनदा घेतलं. मी घुगऱ्या वाटत होते. बाळ झोपेत होतं.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. ह्यांनी कुलूप काढलं. थोरला होता त्या दिवसांत हे कामावरून आले की दारातच बूट काढत त्याला हाक मारायचे, पाणी आण म्हणून. त्या संध्याकाळी ह्यांनी बूट काढले, एक हात भिंतीला टेकवला आणि त्याला हाक मारली. पूर्ण नावाने, शेवटचं अक्षर लांबवत. आमचं घर लहान आहे, आवाज पार मागच्या गॅलरीपर्यंत गेला. हे उंबऱ्यात वाट बघत उभे राहिले. त्यांच्या मागे मीही उभी राहिले.

कुणीही ओ दिली नाही. हेच तर मी मागून घेतलं होतं.