सोलकढीत वाइन पडली, तरी मी ओटा सोडणार नाही

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून सोलकढीत आगळाऐवजी वाइन पडली. गावभर होण्याआधी मीच सांगतो.

मुंबईहून आलेल्या पुतण्याने, मंगेशने, उरलेली लाल वाइन फ्रीजच्या दारात ठेवली होती. शेजारीच यंदाचं कोकमाचं आगळ. तेही आम्ही मंगेशच्याच वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरतो, आणि माझी नजर अधू. नारळाच्या दुधात ओतलं, रंग झकास आला. वाटीभर प्यालो तेव्हा कळलं.

सून म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुम्ही ओट्याजवळ यायचं नाही. आज वाइन ओतलीत, उद्या फिनेल ओताल."

मंगेश हसत म्हणाला, "काका, लाल वाइन मटणाबरोबर घेतात, माशाबरोबर नाही जात."

बीपीच्या गोळीवर वाइन गेली म्हणून माझी छाती धडधडत होती. तरी म्हटलं, "अरे, आमची सोलकढी लालच आणि आंबटच. जन्मभर बांगड्याबरोबर पितोय. तुझा नियम मांडवी बंदरावरच्या मासेवाल्यांना जाऊन सांग." आणि बांगड्याबरोबर दुसरी वाटी संपवली. मीठ घातल्यावर बरी लागली.

बायको गेल्यापासून माझा दिवस त्या ओट्याजवळच जातो. तो सोडून मी बसू कुठे?

आगळाच्या बाटलीला आता सुतळी बांधलीय. डोळ्यांना दिसलं नाही तरी हाताला कळेल. उद्या सुकट घालून फणसाच्या आठळ्यांची भाजी मीच करणार आहे.

तुमच्या घरात एका चुकीसाठी कुणा म्हाताऱ्याला चुलीपासून उठवलं का? आणि तो उठला का?