ठोक्याची दुर्बीण आणि शेजारचा दिवा

आमच्या गॅरेजात गाड्यांचे पोचे काढणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणायचे. मी पत्र्याच्या पलीकडे रंग मारायचो, त्यामुळे दिवसभर त्याच्या हातोडीचे घाव माझ्या कानात. नवीन माणसाला वाटे, हातोडीवरून नाव पडलं असेल. तसं नव्हतं. त्याने मेव्हण्याचे पुढचे दात पाडले होते, मालकाच्या भावाला बॉनेटवर आडवा केला होता आणि एकदा रांगेत मध्ये घुसलेल्या माणसाला इतका बुकलला होता, की पोलिसांनी त्याला रात्रभर कोठडीत ठेवलं. बायकोवर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. ती "बस झालं" म्हणाली की तो थांबायचा. अडचण एवढीच, की ती दर वेळी जवळ नसायची.

आभाळाचं वेड त्याला त्या कोठडीत लागलं. वरच्या झरोक्यातून एक ठळक तारा हळूहळू सरकत गेला, तो त्याने शेवटपर्यंत पाहिला. मला म्हणाला, आत मारायला कोणी नव्हतं, मग वर बघत बसलो.

पुढे बाजारातला म्हातारा चष्मेवाला दुकान बंद करायला निघाला. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण होती, कमरेइतक्या उंचीची नळी आणि तिच्या बुडाशी आरसा. ठोक्या ती घ्यायला गेला, तर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने आधीच नळीवर हात ठेवलेला. दोघांनी ती आपापल्या बाजूला ओढली. ठोक्याने त्याची कॉलर धरून त्याला काचेच्या कपाटावर आपटला, कपाट फुटलं, त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली आणि दुर्बीण गल्ल्याच्या कोपऱ्यावर पडून तिला पोचा आला. चष्मेवाला न ओरडता म्हणाला, "आता ही तुम्हालाच न्यावी लागेल. कपाटासकट भरा."

तो पोचा ठोक्याने घरी काढला. आरसा सोडवून बायकोच्या मऊ ओढणीत गुंडाळला, आतून लोखंडाचा गोळा धरला आणि बाहेरून हलकेच ठोकत गेला. बायको म्हणते, त्याची हातोडी इतकी हळू चाललेली तिने कधी ऐकली नव्हती. आरसा परत बसवून मागचे स्क्रू पिळत तो सरळ केला. नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या कारखान्याच्या धुराड्यावर लावून जुळवली. धुराडं उलटं दिसलं, तेव्हा चष्मेवाल्याने फसवलं म्हणून तो तरातरा निघालाच होता. बायको म्हणाली, "अहो, आभाळात वरखाली कुठं असतं? बसा."

संध्याकाळी परसात त्यांनी कड्यावाला शनी पाहिला. बायको बराच वेळ डोळा लावून उभी होती. मग तिने नळीच्या तोंडाशी कुणी चित्र चिकटवलंय का, ते बोटाने चाचपून पाहिलं. गॅरेजात आम्ही त्याला म्हणायचो, लोकांना दिवसा तारे दाखवायचास, आता स्वतः रात्री बघायला लागलास. तो हसायचा. हेही नवीनच होतं.

मग शेजारी एक ट्रकवाला बायकोला घेऊन भाड्याने राहायला आला. आल्या आल्या त्याने मागच्या भिंतीवर मोठा दिवा लावला. दिवस मावळला की तो लागायचा आणि ठोक्याच्या परसात सगळं पांढरंफटक. आभाळात चंद्र तेवढा उरला. ठोक्याने एकदा नीट सांगितलं, घटकाभर बंद ठेवा. ट्रकवाला नाही म्हणाला आणि दार लावून घेतलं. कारण सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही.

एके रात्री जेवणाआधीच, बायको दुकानात गेलेली असताना, त्याने वीट उचलली आणि दिवा फोडला.

ट्रकवाला जॅकचा दांडा घेऊन दोन परसांमधल्या भिंतीवरून उतरला. पहिला घाव ठोक्याने उजव्या हातावर झेलला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तरी त्याने डाव्या हाताने ट्रकवाल्याचे केस धरून तोंड भिंतीवर घासलं. नाक फुटलं. दोघे दुर्बिणीच्या तिवईवर कोसळले, तिचा पाय तुटला, आणि तोच पाय घेऊन ट्रकवाला त्याच्या बरगड्यांवर हाणत राहिला. नुसते धापांचे आवाज.

तेवढ्यात ठोक्याची बायको आली. ती "बस झालं" म्हणाली, पण या वेळी कुणी थांबलं नाही. तिला पलीकडून वेगळाच आवाज आला, कुणीतरी दात वाजवत असल्यासारखा. ती वळसा घालून शेजारच्या घरात शिरली. परसाचं दार उघडं होतं, आत अंधार. ट्रकवाल्याची बायको मोरीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. हिने तिच्या खांद्याला हात लावला, आणि तिने हातातली सुरी चालवली. कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरला गेला.

ही मागे हटली नाही. त्या रक्ताळलेल्या हाताने दिव्याचं बटण शोधून आतला दिवा लावला. उजेडात तिला त्या बाईच्या गळ्यावरचा जुना, जाड व्रण दिसला. मग कळलं, आधीच्या घरी दोघे जण अंधारात मागच्या भिंतीवरून उतरले होते, तो वार त्यांचा. नवरा तेव्हा ट्रक घेऊन बाहेरगावी होता.

इस्पितळात टाके घालून झाल्यावर ठोक्याची बायको त्याच्या खाटेशी आली. आपला बांधलेला हात त्याच्यापुढे धरून म्हणाली, "हा घाव तिचा नाही. वीट कुणी मारली?"



मनगट वाकडं जुळलं. हातोडी सुटली, मालकाने त्याला पोच्यांत भरलेली लांबीची पुट्टी घासायला बसवलं. रजेत त्याने एकट्या डाव्या हाताने पत्र्याचं एक टोपण वळवून घडवलं, दिव्याचा उजेड फक्त खाली पाडणारं. रंग मी मारून दिला. नव्या दिव्यासकट ते त्याच्या बायकोने शेजारी नेलं. ट्रकवाल्याने ते हातात फिरवून पाहिलं, शिडी लावली आणि बसवलं. उजेड त्यांच्या परसात भरून राहिला, इकडे नुसता भिंतीच्या कडेला सांडला. त्या दोघा पुरुषांत अजून बोलणं नाही. ट्रकवाल्याचं नाक डावीकडे झुकलंय आणि तो ठोक्याला पाहिलं की थुंकतो.

ठोक्याचा राग गेला असंही नाही. परवाच एका गिऱ्हाइकाने त्याच्या हाताची नक्कल केली, तर हात चालेना म्हणून याने डोक्याने त्याचा ओठ फोडला. बायकोने त्याला माफी मागायला त्याच्या घरी पाठवलं. तो गेला, मागितली, आणि येताना तोंडभर शिव्या देत आला.

दुर्बीण आता बायकोच लावते. बारीक स्क्रूंना त्याचं मनगट वळत नाही. तिवईचा पाय बोल्ट मारून जोडलाय, तो जरा डुगडुगतो, म्हणून ठोक्या तो दाबून उभा असतो. ट्रकवाल्याची बायको पलीकडे आपल्या उजेडात, पायरीवर बसते. भिंतीजवळ येत नाही. तिथूनच विचारते, आज काय दिसतंय, आणि ठोक्याची बायको डोळा न काढता तिला सांगत राहते.